घरचे गाणे आणि गुरूचा कान

संगीतविद्येचा इतिहास आपल्याकडे बहुधा गवयांच्या चरित्रांतून सांगितला जातो. कोणी कोणाचा गंडा बांधला, कोणत्या दरबारी कोणाचा मान झाला, अमुक घराण्याची तान कशी आणि तमुक घराण्याची आलापी कशी, या गोष्टींची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या सामान्य कुटुंबांतील मुलांना गवई व्हावयाचे नव्हते, तरीही ज्यांस गाणे शिकावयाचे होते, त्यांच्या घरापर्यंत ही विद्या कोणत्या वाटेने आली, वाटेत तिचे काय सांडले आणि काय टिकले, याचा विचार क्वचितच केला जातो. अलीकडे हा विचार अगत्याचा झाला आहे. २०२० सालच्या मार्च महिन्यात महामारीमुळे देशभर टाळेबंदी पुकारली गेली, आणि गायनाचे वर्गच्या वर्ग गुरुजींच्या बैठकीतून उठून मुलांच्या घरातील मोबाइलच्या पडद्यावर जाऊन बसले. टाळेबंदी उठली, तरी त्यांतील कित्येक वर्ग तेथेच राहिले.

या वाटचालीचा मागोवा घेताना एक कसोटी हाती धरण्याचा आमचा मानस आहे. घरी संगीत आणणाऱ्या कोणत्याही साधनाचे मोल आपण सामान्यतः त्याने मुलाच्या कानी काय घातले, यावरून ठरवितो. ते योग्यच आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. मुलाने जे म्हटले ते कोणाच्या कानी पडले, हाही प्रश्न विचारावा लागतो. आमच्या मते घरच्या संगीतशिक्षणाच्या यशापयशाची किल्ली या दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास हेच सुचवितो.

पुण्यामुंबईच्या कुटुंबास ऑनलाइन शिकवणी ही एक सोय वाटेल. जाण्यायेण्याचा वेळ वाचला, पावसात मुलास बाहेर काढावे लागले नाही, इतकेच. आडगावी मात्र या गोष्टीला निराळे वजन येते. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या रांगा आणि तापी यांच्यामधील सपाट मुलखात पुरुषोत्तमनगर आहे. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे हे ठिकाण. अशा गावी गाण्याची आवड नसते असे कोणी समजू नये. पेटीवर सारेगम शिकविणारे, भजनात ठेका धरणारे, शाळेच्या संमेलनात मुलांकडून स्वागतगीत बसवून घेणारे कोणी ना कोणी अशा गावांतून आढळते. प्रारंभीची दोन-तीन वर्षे मुलाचे त्यावर निभते. अडचण पडते ती पुढे, आणि ज्या ठिकाणी ती पडते, त्या ठिकाणाला आपल्या परीक्षापद्धतीने एक समर्पक नाव देऊन ठेवले आहे : मध्यमा.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची शिडी मराठी कुटुंबांत सुपरिचित आहे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, आणि मग विशारद व अलंकार. प्रवेशिकेपर्यंत मूल मुख्यतः नेमलेले गाणे शिकते. अलंकार, सरगमगीत, लहान बंदिश, नेमक्या मात्रांत बसविलेल्या ताना, हे सर्व ठरीव असते. ते पाठ होते, आणि पाठ झालेले म्हणून दाखविता येते. मध्यमेच्या सुमारास मागणी बदलते. विलंबित ख्यालात रागाची बढत मुलाने स्वतः करावयाची असते. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच पाच. कागदावर मांडले तर दोहोंत भेद दिसत नाही. परंतु भूपाचा जीव गांधारात, तर देशकाराचा धैवतात. एकाची विश्रांती जेथे, तेथे दुसऱ्याने रेंगाळावयाचे नाही. हा भेद मुलास समजला की नाही, हे ते मूल गाऊ लागल्यावाचून कळत नाही. आणि चुकले तर चुकता क्षणीच कोणी सांगितल्यावाचून सुधारत नाही. कित्येक मुलांचे गाणे या पायरीवर थांबते. दहावीचा अभ्यास हे कारण नेहमी पुढे केले जाते. परंतु आडगावी त्याच्या जोडीला दुसरे कारण असते : पुढचे ऐकून घेणारे माणूस जवळपास नसते.

आता मागे वळून पाहू. शास्त्रोक्त संगीताच्या पूर्वीपासून खानदेशात घरचे गाणे नांदत होतेच. जात्यावरच्या अहिराणी ओव्या, श्रावणात कानबाईच्या उत्सवातील गाणी, भजनी मंडळींचे अभंग, पहाडातील होळीचे ढोल, ही सर्व परंपरा घरोघरी आणि अंगणातच शिकली जात असे. तेथे शिकविणारा वेगळा आणि शिकणारा वेगळा असा भेद नव्हता. मूल मोठ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळी. सूर हलला तर सभोवारचे सूर त्यास हळूच जागेवर आणीत. ताल चुकला तर टाळकऱ्यांचा एकत्रित ठोका त्यास ओढून घेई. मुलाचे ऐकणे आणि मुलाने ऐकणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी होत होत्या, म्हणूनच त्या वेगळ्या म्हणून कोणाच्या ध्यानी आल्या नाहीत. पुढे एकेका साधनाने त्यांची ताटातूट केली, तेव्हा त्या दोन होत्या हे उमगले.

रागसंगीताची वाट घराबाहेरून जात होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी शिकून महाराष्ट्रात आणली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या काळी विद्येसाठी घर सोडावे लागे, गुरूच्या घरची सेवा करावी लागे, आणि गुरूच्या लहरीप्रमाणे मिळेल ते पदरात घ्यावे लागे. या पद्धतीचे दोष कोणी झाकण्याचे कारण नाही. विद्या मोजक्यांच्या हाती राहिली. मुलींना आणि पांढरपेशा घरांतील मुलांना ती जवळजवळ बंदच होती. आणि पुष्कळशी गुरूबरोबर चितेवर गेली. परंतु तिच्यात एक गुण असा होता की, शिष्याचा प्रत्येक स्वर गुरूच्या कानाखालून जात असे. शिष्य पहाटे मेहनत करीत असता गुरू आतल्या खोलीत असला तरी त्याचे लक्ष तिकडे असे. हा अखंड पहारा पुढच्या कोणत्याही साधनाला पुरता परत आणता आलेला नाही.

घराची आणि शाळेची दारे या विद्येसाठी उघडण्याच्या प्रयत्नात खानदेशाच्या शेजारच्या संस्थानाने पुढाकार घेतला, हे येथे नमूद करणे उचित होईल. नवापूरच्या पलीकडे सोनगड-व्यारा हा बडोद्याचा मुलूख होता. त्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली. ते स्वतः स्वरलेखनाचे पुरस्कर्ते होते. गाणे लिहून ठेवता येते आणि वर्गात शिकविता येते, ही कल्पनाच तेव्हाच्या उस्तादांस विपरीत वाटणारी होती. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०१ च्या मे महिन्यात, बाळकृष्णबुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९०८ साली मुंबईस त्याचा विस्तार केला. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने पंडितजींची दृष्टी अधू झाली होती. मिरजेस गुरुगृही नऊएक वर्षे काढून त्यांनी जे मिळविले ते मुख्यतः कानाने. अशा पुरुषाने पुढे छापखाना घालावा, स्वरलिपी सिद्ध करावी आणि ‘संगीत बालप्रकाश’ यांसारखी मुलांची पुस्तके काढावी, यात त्यांची दूरदृष्टी दिसून येते. तानसेन निपजले नाहीत तरी चालेल, पण कानसेन निपजावेत, हा विचार त्यांच्या शिष्यपरंपरेत आजही सांगितला जातो. चांगले ऐकणारा समाज घडल्यावाचून चांगले गाणारा टिकत नाही, हे त्याचे मर्म होय.

याच काळी मुंबईत विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) दुसऱ्या बाजूने त्याच कामास लागले होते. पेशाने वकील असलेल्या या गृहस्थांनी देशभर हिंडून उस्तादांच्या कंठातील चिजा मिळविल्या, रागांची व्यवस्था दहा थाटांत लावली, आणि शेकडो बंदिशी सुटसुटीत स्वरलिपीत ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून छापल्या. मराठी वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा प्रचंड ग्रंथ मुळात मराठीत लिहिलेला आहे. त्याचा पहिला भाग १९१० साली बाहेर आला. हा सारा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू समाधान करतो, शिष्य पुन्हा आडवा प्रश्न घालतो. ग्रंथकाराने ही रचना केवळ सुलभतेसाठी केली असे आम्हांस वाटत नाही. पुस्तक एकतर्फी बोलते, वाचकाचे त्यास ऐकू येत नाही, ही उणीव त्यांस जाणवली असली पाहिजे. म्हणून त्यांनी शिष्यालाही पुस्तकातच आणून बसविले. तथापि त्या संवादातील दोन्ही आवाज अखेर एकाच लेखणीतून उतरलेले आहेत. शहाद्याच्या एखाद्या मुलाने तो ग्रंथ उघडला, तर त्याने न विचारलेल्या शंकांची उत्तरे त्यास मिळतील. त्याचा स्वतःचा निषाद किंचित उतरला आहे, हे मात्र ग्रंथ सांगू शकणार नाही.

स्वरलिपीने झालेला लाभ मोठा आहे. तिच्यामुळे बंदिशी वाचल्या, शिक्षक निर्माण झाले, मध्यम वर्गातील मुलींच्या हाती घरबसल्या विद्या आली. परंतु दरबारी कानड्याचा कोमल गांधार ज्या संथपणे आंदोलित होतो, ते आंदोलन लिपीच्या कोणत्या खुणेने दाखवावे? खूण फार तर ‘येथे आंदोलन आहे’ एवढे सांगते. ते किती खोल, किती सावकाश, हे सांगण्यास कंठच लागतो. जोडीला घरोघरी पेटी आली. पेटीचे स्वर आयते ठरलेले. त्यामुळे मुलाचा कान स्वर शोधण्याचे कष्ट सोडून बोटावर विसंबू लागला. आकाशवाणीने १९४० साली पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ टिकली, हा वाद प्रसिद्धच आहे. त्या बंदीत अतिरेक होता. तरी तिच्या मुळाशी असलेली शंका, की तयार स्वराने कान आळसावतो, अगदी निराधार म्हणता येणार नाही.

पुस्तकाची मुकी बाजू ध्वनिमुद्रिकेने भरून काढली. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्ग साहेबांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, आणि सुमारे तीन मिनिटांत एक राग बसविण्याची नवीच कला जन्मास आली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. आता मातब्बर गवयांचा आवाज तालुक्याच्या गावी, हॉटेलात, वाड्यात ऐकू येऊ लागला. पुढे जळगावचे आकाशवाणी केंद्र आले, विविध भारतीवर ‘संगीत सरिता’सारखे रागांची ओळख करून देणारे कार्यक्रम झाले. घरी बसलेल्या मुलाच्या कानी उत्तम गाणे पडावे, एवढीच जर गरज असती, तर ती येथे पुरी भागली होती.

ती भागली नाही, याचे दोन दाखले आपल्या डोळ्यांसमोर आहेत. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकाळी, म्हणजेच कुमार गंधर्व, बालपणी थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवीत आणि भल्या भल्या श्रोत्यांस थक्क करीत. यंत्राकडून शिकण्याची पराकाष्ठा याहून अधिक कोणती असू शकेल? तरीही १९३६ च्या सुमारास त्यांस मुंबईस प्रो. बा. र. देवधर यांच्या विद्यालयात ठेवण्यात आले, आणि पुढची दहा-अकरा वर्षे त्यांनी तेथे शिकण्यात घालविली. नक्कल पूर्ण झाली होती. आता त्या नकलेच्या मागचा गाणारा कोण आहे, हे ओळखणारा कान हवा होता. दुसरा दाखला भीमसेन जोशी यांचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका कानी पडली आणि हा गदगचा मुलगा १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडून गेला. ती मुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकणे त्यास पुरले असते, तर त्याने घर कशासाठी सोडले असते? ग्वाल्हेर आणि उत्तर हिंदुस्थान पालथे घालून तो अखेर कुंदगोळास, खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या पायांशी येऊन ठेपला. यंत्राने दोघांनाही तहान लावली. ती भागविण्यासाठी दोघांनाही माणसाकडे जावे लागले.

लहान गावच्या मुलांपुरता या उणिवेवर एक इलाज पलुसकरांच्या शिष्यांनी केला होता. पंडितजी १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेस निवर्तले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेस मंडळाची स्थापना केली. मंडळाच्या परीक्षांवर टीका पुष्कळ होते. पाठांतर वाढले, प्रमाणपत्रांचा हव्यास वाढला, ही टीका अगदी खोटी नाही. परंतु या परीक्षांचे एक कार्य नजरेआड होते. परीक्षक केंद्रावर येतो आणि मुलास समोर बसवून त्याचे गाणे ऐकतो. ज्या गावी जाणता श्रोता मुळीच नाही, त्या गावच्या मुलाला वर्षाकाठी निदान एकदा तरी तो मिळतो. अर्थात वर्षातून एकदा मिळणारा कान चूक दाखवील. ती सुधारण्यास तो थांबत नाही.

या पार्श्वभूमीवर आजच्या ऑनलाइन शिकवणीकडे पाहावे. तिचे आगमन महामारीपूर्वीच झाले होते. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुले पुण्यामुंबईच्या गुरुजींपाशी संगणकावरून शिकू लागली होती, एकाची सकाळ तर दुसऱ्याची रात्र असे घड्याळ जुळवीत. २०२० नंतर हाच परिपाठ देशातील गावोगावी पोहोचला. वर सांगितलेली कसोटी लावली, तर या साधनाची नवलाई तत्काळ ध्यानात येते. पुस्तक, ध्वनिमुद्रिका, नभोवाणी, चित्रफीत ही सर्व मुलास ऐकवितात. या साधनाने मात्र दूरच्या गुरूला मुलाचे गाणे त्याच घटकेस ऐकू येते. गुरू मध्येच थांबवितो, ‘पुन्हा घे’ म्हणतो, मूल पुन्हा घेते. गुरुगृहातील पहाऱ्याचा एक अंश तरी पुरुषोत्तमनगरच्या घरात या वाटेने येऊ शकतो.

परंतु येथेच एक नवी ताटातूट होते. गुरू ऐकतो खरे. मात्र त्यास शिष्याबरोबर गाता येत नाही. खोलीत दहा हातांवर बसलेल्या तबलजीचा ठोका आपल्यापर्यंत येण्यास सुमारे सेकंदाचा शंभरावा हिस्सा पुरतो. जाळ्यावरून तोच ठोका येण्यास पुष्कळदा सेकंदाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, हे लक्षात घेतले तर हा विलंब म्हणजे साठ-सत्तर मीटर दूर बसलेल्या तबलजीबरोबर गाण्यासारखे झाले. शिवाय गुरूचा ठेका मुलापर्यंत उशिरा जातो आणि मुलाचे गाणे गुरूपर्यंत पुन्हा उशिरा येते. म्हणजे विलंब दुप्पट. मिनिटास १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. मुलाने बिनचूक सम गाठली, तरी गुरूला ती जवळजवळ एक मात्रा मागे पडल्यासारखी ऐकू येईल.

यात गुरूचाही दोष नाही आणि मुलाचाही नाही. तथापि हा हिशेब ठाऊक नसल्यामुळे ‘याला लय नाही’ असा ठपका मुलावर बसण्याचा संभव असतो. आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाने तो एकदा मनावर घेतला की गाणे सुटावयास वेळ लागत नाही.

दुसरी अडचण सुराची. ही संभाषणाची साधने मुळात बोलण्यासाठी बनविलेली. बोलणाऱ्याच्या पाठीमागे अखंड चाललेला आवाज हा पंख्याचा किंवा रस्त्याचा गोंगाट समजून ती गाळून टाकतात. तंबोऱ्याचा नाद हाही अखंड चाललेला आवाजच! म्हणजे ज्या नादाच्या आधारावर सारे संगीत उभे, तोच हे यंत्र केर म्हणून झाडून टाकते. मुलाने आवाज लहानमोठा केला तर ते आपल्या मताने सारखा करते, त्यामुळे स्वराचा लगाव गुरूला नीट कळत नाही. गाळण्याची ही व्यवस्था पुष्कळशा साधनांत बंद करता येते. परंतु ती बंद करावयाची असते, हे पालकांना कोणी सांगितलेले नसते.

मग मध्यमेच्या मुलाने काय करावे? इतिहासाचा कौल आमच्या मते असा आहे की, प्रत्येक साधनाकडून त्याच्या कुवतीचे तेवढेच काम घ्यावे. अतिविलंबित लयीत एकेक मात्रा कित्येक सेकंद चालते; तेथे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने फारसे बिघडत नाही. तालाबाहेरच्या आलापीत तर त्याची बाधाच नाही. म्हणजे रागाची बढत, स्वरांचा लगाव, भूप-देशकाराचा भेद, जे मध्यमेचे खरे दुखणे आणि ज्यासाठी जाणता कान दूरवरून आणावा लागतो, नेमके तेच या साधनाने शिकविता येते. मात्र तंबोरा मुलाच्या बाजूस हवा. बंगळूरच्या रॅडेल कंपनीने १९७९ साली विजेवरचा तंबोरा बनविला, तेव्हापासून ही गोष्ट सामान्य घराच्या आवाक्यात आली. आज तर तो मोबाइलमध्येही मिळतो, फक्त तो ज्या मोबाइलवर वर्ग चालू आहे त्याहून निराळ्या यंत्रावर लावावा. मुलाने आठवड्याची मेहनत मुद्रित करून गुरूकडे पाठवावी, आणि पाठविण्यापूर्वी स्वतः ऐकावी. पूर्वीच्या शिष्यास स्वतःचे गाणे परक्याच्या कानाने ऐकण्याची सोय नव्हती. ही सोय लहान समजू नये. गुरूच्या कानाशेजारी शिष्याचा स्वतःचा कान येथे तयार होऊ शकतो.

उरली लय. ती दूरवरून येणार नाही. ती गावातच शोधावी लागेल, आणि सुदैवाने ती गावात आहे. भजनी मंडळात वर्षानुवर्षे ठेका धरणाऱ्या माणसास मध्यमेचा अभ्यासक्रम ठाऊक नसेल, त्याने विशारदाचे नाव काढले नसेल. परंतु त्याच्या हातात जी स्थिर लय आहे, ती कोणत्याही जाळ्यावरून मिळणार नाही. आठवड्यातून दोन दिवस मुलाने त्याच्यासमोर बसून त्रितालात द्रुत बंदिश म्हणावी. ज्याचे ऐकावे आणि ज्याने ऐकावे, असे दोघेही एकाच खोलीत एका वेळी असण्याची ती जुनी, कानबाईच्या गाण्यांपासून चालत आलेली रीत आहे. सुशिक्षित कुटुंबांना या माणसाकडे मूल पाठविण्यात संकोच वाटतो. शहरातील गुरुजींचे शुल्क भरण्यात वाटत नाही. हा संकोच टाकल्याखेरीज नवे साधन अर्धेच राहील.

एवढे सांगूनही एक उणीव उरते, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हा सारा विचार जेथे जाळे पोहोचते तेथपुरता आहे. टाळेबंदीच्या काळात नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा भागातल्या कित्येक पाड्यांवर शाळेच्या अभ्यासापुरतेही जाळे मिळत नव्हते. तापीकाठच्या साखर कारखान्याच्या गावास जे जमले, ते पहाडातील पाड्यास जमेलच असे नाही. पलुसकरांनी आणि भातखंड्यांनी विद्या मोजक्या घरांतून बाहेर काढली, ती पुन्हा दुसऱ्या प्रकारच्या मोजक्या घरांत जाऊन बसू नये, याची काळजी या पिढीस वाहावी लागेल.

स्वरलिपी आली तेव्हा गुरूची गरज संपली असे काहींना वाटले. ध्वनिमुद्रिका आली तेव्हा तसेच वाटले. आता पुन्हा तसे वाटत आहे. प्रत्येक वेळी झाले ते इतकेच की, गुरूच्या कामातील एकेक भाग यंत्राने उचलला आणि जो उरला तो अधिक स्पष्ट दिसू लागला. बंदिश सांगणे पुस्तकाने उचलले, गाऊन दाखविणे मुद्रिकेने उचलले. मुलाचे गाणे मनापासून ऐकणे हे काम मात्र आजही माणसाकडेच राहिले आहे. ते दूरच्या गुरूने करावे, गावच्या ठेकेदाराने करावे, आणि संध्याकाळी घरकामातून क्षणभर थांबून आईबापांनीही करावे. सूर चुकला की नाही हे त्यांस कळले नाही तरी चालेल; आपले कोणी ऐकत आहे, एवढे मुलास कळले पाहिजे.